प्रश्न एकतीसचं उत्तर

कसबा बावडा, कोल्हापूर
शुक्रवार, १८ ऑक्टोबर १९९६

आदरणीय आक्कास,
क्रांतीचा सविनय जयभीम.

तुझे गुडघे कसे आहेत? संघर्ष कॉलेजात जातो, की नुसताच गाडीला किक मारत बसतो? इकडे आम्ही बरे आहोत, म्हणजे साखर कारखाना पेटून काजळी चहात पडायला अजून पंधरा दिवस आहेत.

तर आक्का, मी सध्या लष्करात आहे. (हसू नकोस.) छावणीत कोर्ट मार्शल चाललंय. त्यांच्या लेखनिकाला कावीळ झाली आणि लघुलिपी येणारी म्हणून आमच्या ऑफिसातून माझं नाव गेलं. जे बोललं जाईल ते सगळं खरंखुरं लिहीन, अशी मला शपथ दिली. आरोपीला विचारलं, या बाईंबद्दल काही हरकत? तो म्हणाला, ‘न्हाय साहेब.’ मी इतकं मन लावून लिहिलं, की कर्नलसाहेबांच्या दोन शिंकाही नोंदल्या आणि दुसऱ्या दिवशी वाचूनही दाखवल्या. चूक झाली तरी खोडायचं नाही. एक रेघ मारायची आणि शेजारी सही करायची.

आरोपी सयाजी, पंचविशीचा. भर दुपारी पहाऱ्याची जागा सोडली म्हणून नोकरी जाईल, वर तुरुंग. त्या दिवशी गार्डवर सुभेदार कोण, ते पुकारलं तेव्हा माझी पेन्सिल थांबली. आपले दाजी. दुसऱ्याच दिवशी ते सुट्टीवर नेसरीला आले आणि चौथ्या दिवशी वारले, तोच तो आठवडा. (मी तिथेच उठून नातं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. कुणीतरी त्यांचं नाव मोठ्याने घेत होतं, ते अजून थोडं ऐकावंसं वाटलं.)

प्रश्न एकतीस होता, तुला जागेवरून कुणी बोलावलं? सयाजी गप्प. साक्षीदाराची खुर्ची रिकामी. ‘आरोपी गप्प’ असं मी लिहिलं, निदान मला तसं वाटलं; लिहिताना मी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघते, हात आपला चालत राहतो. सकाळी वही वाचायला उभी राहिले. एकतीसखाली माझ्याच हातच्या खुणा होत्या आणि त्या मी वाचून मोकळी झाले: ‘म्या बोलावलं. छातीत कळ आलती, पाणी मागितलं. कुणाला सांगू नगंस म्हणालो.’

‘ये किसने कहा?’ कर्नलसाहेबांनी विचारलं आणि सगळ्यांनी त्या खुर्चीकडे पाहिलं. तिची गादी मधोमध दबलेली होती. सयाजी ताठ उभा राहिला, डोळ्यांतून पाणी, आणि खुर्चीला म्हणाला, ‘सुभेदारसाब, मी न्हाय सांगितलं हां.’ (हेही मी लिहिलं.)

रेघ मारून सही करा, असा हुकूम झाला. सही म्हणजे हे बोललंच गेलं नाही अशी माझी ग्वाही. मी सोमवारपर्यंत मुदत मागितली. लष्कराकडे मुदत मागणारी पहिली टायपिस्ट मीच असेन.

आपण भुतंखेतं मानत नाही. दाजी तर कुणाच्या अंगात आलं की घागरभर पाणी ओतायचे. तेच असं काही करतील हे मला पटत नाही. त्यांच्या तत्त्वात बसत नाही ते.

गुडघ्याला तेल लाव.
तुझी,
क्रांती

ता. क. नेसरीच्या एस. टी.च्या कंडक्टरकडे हे पत्र देते आहे, म्हणजे उद्या मिळेल. सोमवारी दहाला छावणीत साक्षीला येशील? त्यांच्या छातीत दुखायचं, हे तुला ठाऊक होतं. पलटणीच्या डॉक्टरला कळलं तर घरी बसवतील म्हणून तुझ्याकडूनही त्यांनी वचन घेतलं असणार. ‘अचानक गेले’ म्हणताना तू माझ्याकडे बघितलं नव्हतंस. सोमवारी मी नातं सांगणार आहे. मग माझी वही बाद होईल आणि सयाजीला फक्त तू उरशील.

ता. क. दुसरा. हे पत्र सवयीने आधी लघुलिपीत लिहिलं, मग उतरवलं. तिथे माझ्या सहीखाली एक ओळ जास्त निघाली. रेघ मारलेली नाही, आहे तशी देते: ‘संघर्षची आई, गव्हाच्या पिंपातली छातीच्या गोळ्यांची डबी संगं ने.’ पिंपात बघ, आक्का. मी तुला जन्मात कधी ‘संघर्षची आई’ म्हटलेलं नाही.