वाढव म्हणालो होतो

१० फेब्रु., मंगळ.
झरी गावातल्या माझ्या भाषणाचे फोन अजून येताहेत. विषय अंधश्रद्धा. लिंबू-मिरची, आडवं मांजर, सगळं धुऊन काढलं. आणि मॅनेजर म्हणून डाळमिलच्या फाटकात शिरलो की मीच 'बंद' हा शब्द जिभेखाली ठेवतो. मालकांना, आप्पांना, तो चालत नाही. शिवभक्त व्यापारी घर. दुकान बंद करायचं नाही, वाढवायचं; तशी मशीनही वाढवायची. सुनंदा म्हणते, "पगारापुरते तुम्ही आस्तिक." बायकोचं बोलणं म्हणून हसून सोडलं.
उद्या नवा ऑपरेटर. गंगाधर, सोनपेठकडचा. घरी मेंढरं, मशीनवर शिकलेला हा एकटाच.

११ फेब्रु., बुध.
सकाळी गंगाधरला मिलभर फिरवलं. हमाल, निवडणाऱ्या बाया, पोती शिवणारे. कुणाचं काम कुणावर अडतं ते सांगितलं. समन्वय म्हणजे काय यावर उभ्याउभ्या बोललो. चांगलं बोललो.
दुपारी रोलच्या तोंडाशी तुरीचा काडीकचरा अडकला. गंगाधरनं गती कमी केली, निवडणाऱ्या बायांतल्या कौसाबाई काठीनं उकरत होत्या. पदर पट्ट्याकडे सरकलेला मला ऑफिसच्या दारातून दिसला. ओरडलो, "गंगाधर, वाढव. वाढव."
त्यानं वाढवली.
कौसाबाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. सरकारी दवाखान्यात जाईपर्यंत गंगाधर मागे त्यांचा हात वर धरून बसलेला. मी पुढे ड्रायव्हरशेजारी.

१२ फेब्रु., गुरु.
आप्पांनी दोघांना बोलावलं.
गंगाधर : "साहेब वाढव म्हणले, म्हून वाढवली."
आप्पा : "बाई तोंडाशी वाकलेली अन् तू गती वाढवतूस? वाढव म्हंजे काय, ते बाजारातलं शेंबडं पोरगं बी सांगंल." मग माझ्याकडे वळून, "ह्याला मिलची रीत सांगितली होती ना तुमी?"
"सगळं सांगितलं होतं."
तसं सगळंच सांगितलं होतं, एका शब्दाशिवाय.
नाही. हे वरचं वाक्य व्यासपीठावरचं आहे. खोटं बोललो.
गंगाधरनं माझ्याकडे पाहिलं. डबा उचलला आणि गेला.

१४ फेब्रु., शनि.
दवाखान्यात. कौसाबाई उठून बसल्या होत्या. मोसंबी ठेवली तर म्हणाल्या, "सोलून द्या, साहेब. आता मला सोलायला येतंय का?" सोलत बसलो.
"त्या लेकराचं काय केलं?"
"आप्पांनी काढलं."
"अन् तुमी काय म्हणलात?"
फोड पुढे केली. घेतली नाही.
"तुमचा आवाज मी बी ऐकला. मला वाटलं, बंद करायलेत. म्हून तर काठी टाकून हात घातला."
म्हणजे काठी हातात होती तोवर बोटं शाबूत होती. माझ्या एका शब्दावर दोघांनी दोन कामं केली. दोघांनीही माझंच ऐकलं. त्याहून आज्ञाधारक माणसं कुठून आणायची?

१५ फेब्रु., रवि. महाशिवरात्र.
मिलला सुट्टी. आप्पांकडे खरं सांगायचं ठरवूनच गेलो. ते पूजेत. मग पाहुणे. मग स्वतःच म्हणाले, "पेडगावचा एक पोरगा बघितलाय. मंगळवारपासून येतंय."
"बरं, आप्पा."
साबुदाण्याची खिचडी खाऊन परत आलो. उपास नसताना.

१७ फेब्रु., मंगळ.
पेडगावचा आला. आधी तो शब्द सांगितला, मग मशीन दाखवली. हसला. "एवढंच ना, साहेब?"
एवढंच.
संध्याकाळी दुसऱ्या एका मिलवाल्याचा फोन. "तो गंगाधर आलाय कामाला. बाईचा हात घालवला म्हणतेत. खरंय का?" म्हणालो, मुलगा कामाला चांगला आहे. ते म्हणाले, "मी ते न्हाई विचारलं." एवढ्यात आप्पा आत आले. फोन ठेवला.
आता त्याला परभणीत कुणी उभं करणार नाही.

१९ फेब्रु., गुरु. शिवजयंती.
पेडगावला भाषण. गर्दी चांगली. ओघात म्हणून गेलो, "हुकूम चुकला तर मान हुकूम देणाऱ्याची खाली गेली पाहिजे." लय टाळ्या. मान ताठच होती. गळ्यात हार होता.
पुढची दोन पानं आठवेनात. भाषण आटोपतं घेतलं. आयोजकांना वाटलं, घसा बसला.

२० फेब्रु., शुक्र.
सांगितलं. आप्पा गादीवर एकटे असताना, उभ्यानं. रीत सांगितली नव्हती, खोटं बोललो, बाईंनी हात माझ्याच आवाजावर घातला.
रागावतील असं वाटलं होतं. कपाळावरून हात फिरवला, भस्म बोटांना लागलं. मग म्हणाले, "माझ्याच घरची रीत ती. पण ऑपरेटर एकच लागतंय. पेडगावचं पोरगं बी गरिबाचंच हाय, त्यानं काय केलं? दोघांतलं कोण ठेवायचं, कोण घरी पाठवायचं, मॅनेजर तुमी हाव. सांगा."
उद्या सांगतो म्हणालो.
घरी सुनंदाला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही.
"घरी पाठवायचं तिसरं नाव त्यांनी घेतलं नाही," म्हणाली. "तुम्हीपण नाही घेतलं."