दुर्बिणीला बांधलेला लाल दोरा

कोल्हापूर
८ ऑगस्ट २०२५

ती. आज्जा यांस,
संघप्रियाचा सविनय जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. त्यातलं निम्मं पत्र मी फोन का करते यावर होतं आणि निम्मं मी फोन का करत नाही यावर. तेव्हा आता एकदाचं ठरवू या. चौतीस वर्षं जॉबर म्हणून यंत्रमागांच्या खडखडाटात काढून तुमचे कान गेलेत. मी फोनवर ओरडते, तुम्हाला काही ऐकू येत नाही आणि हॉस्टेलच्या सगळ्या मुलींना मात्र आपल्या घरातलं कळतं. इथून पुढं आपलं बोलणं पत्रातूनच.

मुद्द्याचं सांगते. नोव्हेंबरमध्ये क्लबची खुली रायफल स्पर्धा आहे. टेबलावर रायफल टेकवायची आणि पन्नास मीटरवरच्या कार्डावर पंचवीस गोळ्या मारायच्या. रायफल क्लबची, पण तिच्यावर बसवायचा स्कोप, म्हणजे तुमच्या भाषेत दुर्बीण, स्वतःची आणायची. परीक्षेत पास झाले की दुर्बीण माझ्याकडून, असं तुम्ही म्हणालात, ते मी विसरलेली नाही. निवडणार पण तुम्हीच म्हणालात. धागे मोजायच्या भिंगातून आख्खा जन्म बघितलाय, काचेतलं माझ्याइतकं कुणाला कळतंय, हे तुमचं वाक्य आईनं भिंतीवर लिहून ठेवायचं तेवढं बाकी आहे.

इथल्या पोरांना चोवीस पट मोठं दाखवणारी पाहिजे. आमचे धैर्यशील सर म्हणतात, जेवढं चित्र मोठं तेवढा हाताचा थरकापही मोठा, आणि उजेड कमी. पुढच्या काचेच्या रुंदीला पटीनं भागायचं. चाळीस मिलिमीटरची काच आणि वीस पट, तर डोळ्यात दोन मिलिमीटरचाच उजेडाचा ठिपका येतो. दहा पट केलं तर चारचा येतो. एवढं ध्यानात ठेवून निवडा.

आणि आईनं लिहिलंय की तुम्ही चहा कपाच्या शेजारी ओतला आणि कपच सरकला म्हणालात. डोळे दाखवून घ्या. कान गेलेत, आता एवढेच उरलेत.

माया आहेच, तिच्यात पाणी पडू देऊ नका.

तुमची,
संघप्रिया


कबनूर
१९ ऑगस्ट २०२५

चि. संघप्रियास,
गणपतीचा अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या आईनं केलेली चुगली पोचली. सून चांगली हाय, पर पोस्टखात्यात जायला पायजे हुती. कप सरकलाच हुता, त्यावर मी ठाम हाय.

डोळ्याचं म्हणशील तर ऐक. चार महिनं झालं, मी चष्मा ट्रंकंत टाकलाय. सकाळचा पेपर बिनचष्म्याचा वाचतोय. गोळ्यांच्या पाकिटावरचं मुंगीएवढं अक्षर बी वाचतोय. गल्लीत माझ्या वयाचं एक म्हातारं दाव मला असं. एकाहत्तराव्या वर्षी डोळं तरणं झालंत आणि तुमी मला दवाखान्यात न्यायला निघालाय. चालू मागाला हात लावायचा न्हाय, हा माझा नेम. कान कुणी बिघडवलं न्हाईत, आपसूक गेलं. डोळं डॉक्टरच्या हातानं घालवून आंधळा आणि बहिरा, दोन्ही हुऊन बसू का?

आता दुर्बीण. माझ्यासंगं मागावर असलेल्या अमीनचा पोरगा झिशान इचलकरंजीत कॅमेरं दुरुस्त करतो, त्याच्याकडं गेलतो. त्यानं एक मोडकी दुर्बीण उघडून दावली. पुढची काच लांबचं चित्र आत आणती, ती उलटं आणती. मधल्या काचा ते सुलटं करत्यात. ते चित्र जिथं पडतंय तिथं नेम धरायची फुली असती, आणि मागली काच म्हंजे निव्वळ आपलं भिंग. मग मला लगेच कळलं की. चित्र हे कापड आणि फुली हा त्याच्यावर ठेवलेला धागा. दोन्ही एका पातळीत असलं तर डोकं कसंबी हलीव, धागा जाग्यावर. धागा कापडाच्या वर अधांतरी असला की डोकं हललं का तो बी सरकला. कारखान्यात कापडावर पट्टी उचलून धरली की हरेक कारकून निराळं माप वाचायचा, तसलंच हे. झिशान याला पॅरॅलॅक्स म्हणतो. म्हणून चित्र मागंपुढं करायचं बटण बाजूला असलेलीच घेतली. चार ते बारा पट, पुढली काच चाळीसची. तुझ्या सरांचा भागाकार करूनच घेतली.

पयल्या दोन परत केल्या. काचा धुकट. झिशाननं कागदावर लिवून दावलं, काका, काचा लख्ख हायत. पोरगं गुणी हाय, पर अजून कच्चं. तिसरी बरी निघाली. डोळ्याजवळचं कडं फिरवून फुली साफ करायची असती, ते मी स्वतः केलं. लई फिरवावं लागलं, पर बसवलं. आणि त्यावर लाल दोरा बांधलाय. तुला म्हाईत हाय, जॉबरनं माग जुळवून लाल दोरा बांधला की मालकानंबी हात लावायचा न्हाय. तो दोरा सोडायचा न्हाय.

चौदा ऑक्टोबरला, धम्मदीक्षेच्या दिवसाला, तुला पांढरा ड्रेस पायजे म्हणून कापड आणलं. घरी येऊन बघतोय तर पिवळट. बदलून आणलं तर ते बी पिवळट. दुकानदाराला चार लोकांत झाडला. जॉबरला पांढरं शिकवतोय.

अभ्यास कर. आजाची आठवण ठेव, न्हायतर दुर्बीण परत मागीन.

तुझा आज्जा,
गणपती


कोल्हापूर
८ सप्टेंबर २०२५

ती. आज्जा यांस,
सविनय जय भीम. वि. वि.

दुर्बीण पोचली. एका डब्यात ती, आणि तिच्याभोवती तुमचे तीन जुने बनियन. डबा रेंजवर सगळ्यांसमोर उघडला, त्यामुळं आता क्लबात तुमची चांगलीच ओळख झाली आहे. लाल दोरा बघून एकानं विचारलं, दृष्ट लागू नये म्हणून बांधलाय का. मी सांगितलं, आमच्यात जॉबरचा हुकूम असतो.

चीज मस्त आहे, आज्जा. काठापर्यंत चित्र स्वच्छ. पहिल्या दहा गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील एवढ्या जवळ पडल्या. मी तुम्हाला मनातल्या मनात सलाम केला. पण दहाच्या पुढं काय होतं कळत नाही. डोळा ओढल्यासारखा होतो, फुली फिकट पडते, कपाळ ठणकायला लागतं आणि गोळ्या कार्डभर पसरतात. कार्ड स्वच्छ दिसतंय म्हणावं तर डोकं जरा हललं की फुली सरकते. बाजूचं बटण फिरवून मी थकले.

सर म्हणाले, डोळ्याजवळचं कडं आधी आपल्या डोळ्याला लावून घे. मी म्हटलं, ते आज्जांनी लावलंय, त्याला हात लावायचा नाही. सरांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी रायफल उलटी धरली आहे. पण मी दोरा सोडलेला नाही. माझंच काही चुकत असेल, तुम्ही सांगा.

आईला नमस्कार. तुम्ही रस्ता ओलांडताना मोटारसायकल दिसली नाही, हेही कळलं. मोटारसायकल सरकली म्हणू नका.

रागावलात तरी चालेल, पण लिहायचं थांबवू नका.

संघप्रिया


कबनूर
१३ सप्टेंबर २०२५

चि. संघप्रियास,
अनेक आशीर्वाद.

दुर्बिणीत दोष न्हाय. दोष हातात. तू रात्री मोबाईल बघत बसतीस, त्यानं डोकं धरतंय. ताक पी, कोपर हलवू नको, दहा झाल्या की डोळं मीट.

मोटारसायकलवाल्यानं हॉर्न दिला असंल तर बहिऱ्याला तो कसा ऐकू येणार, हे तुझ्या आईला इचार.

दोरा सोडायचा न्हाय.

गणपती


कोल्हापूर
२८ सप्टेंबर २०२५

ती. आज्जा यांस,
सविनय जय भीम. वि. वि.

हे पत्र तुम्ही बसून वाचा. मी दोरा सोडला.

काल सरावात माझ्या शेवटच्या पाच गोळ्यांतल्या दोन शेजारणीच्या कार्डावर गेल्या. सर येऊन बसले आणि म्हणाले, आता तरी मला बघू दे. मी दोरा सोडून बाजूला ठेवला. कड्यावर मध्ये शून्य आहे, एका अंगाला अधिक, एका अंगाला वजा. तुम्ही ते वजाच्या पार टोकाला नेऊन ठेवलं होतं. सरांनी मला आभाळाकडं बघायला लावलं, डोळा मिटून उघडला की पहिल्या नजरेतच फुली काळी दिसली पाहिजे, असं सांगितलं. फिरवत फिरवत कडं शून्याजवळ आलं. मग बटणानं कार्ड जुळवलं. डोकं हलवलं, फुली हलली नाही. पंचवीसच्या पंचवीस गोळ्या मारल्या, डोकं ठणकलं नाही. एवढे दिवस तुमच्या डोळ्याला लावलेल्या काचेतून बघायला माझा डोळा झटत होता आणि दहा गोळ्यांत दमत होता.

मग सरांनी विचारलं, हे आज्जांनी लावलं ना, त्यांना लांबचा जाड चष्मा आहे का. मी हसत हसत सांगितलं, छे, त्यांनी तर जवळचाही ट्रंकेत टाकलाय, पेपर बिनचष्म्याचा वाचतात. सर हसले नाहीत. त्यांच्या वडिलांचंही असंच झालं होतं. मोतीबिंदू पिकायला लागला की डोळ्यातलं भिंग घट्ट होतं, मग जवळचं आपसूक दिसायला लागतं, लांबचं जातं, आणि माणूस खुशीत असतो. आज्जा, मी तिथंच मागच्या पत्रांतलं सगळं आठवत बसले. धुकट काचा. पिवळं कापड. कप. मोटारसायकल. तुम्ही आणि आईनं मला सगळं लिहून कळवलं होतं आणि मी चेष्टा करत बसले. मला माझाच राग आला.

चालू मागाला हात लावायचा नाही, हे खरं. पण कापडात दोष दिसला तर स्वतः बांधलेला दोरा तुम्हीच पहिल्यांदा सोडायचात, हे मी लहानपणी डबा घेऊन यायची तेव्हा डोळ्यांनी बघितलंय. मालकानं नको म्हटलं तरी सोडायचात.

मला भीती वाटते. तुमच्या कानाशी आपलं बोलणं संपलं, ते डोळ्यांवर चाललंय. डोळे गेले तर मी तुम्हाला लिहू कशी? आई वाचून दाखवेल म्हणावं, तर तेही तुम्हाला ऐकू येणार नाही. तुमच्यापर्यंत पोचायची ही एकच वाट आहे माझ्याकडं, आज्जा.

दोरा पाकिटात परत पाठवते आहे. तुमचा आहे, तुम्हीच ठरवा.

संघप्रिया


कबनूर
११ ऑक्टोबर २०२५

चि. संघास,
आईचे आशीर्वाद.

तुझ्या आज्जांचं ऑपरेशन परवा झालं, नीट झालं. उजव्या डोळ्यावर पट्टी होती, काल काढली, आता काळा चष्मा आहे. लिहायची मनाई आहे म्हणून ते सांगतात आणि मी लिहिते.

आधी माझं. तुझं पत्र दोन दिवस ते पुन्हा पुन्हा वाचत बसले. दोरा सदऱ्याच्या खिशात. तिसऱ्या दिवशी सकाळी टोपी घालून दारात उभे राहिले आणि विचारलं, दवाखाना कितीला उघडतो. मी भाकरी तव्यावर टाकून तशीच निघाले. भाकरी जळली, पण जळू दे.

आता त्यांचं. ते म्हणतात, मी भ्यालो नव्हतो. (भ्याले होते. माझा हात सोडत नव्हते.) डॉक्टरीण संयोगिता नावाची पोरगी आहे, तुझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी असेल. तिनं जुनं भिंग काढून नवं बसवलं, चहा थंड व्हायच्या आत. हात जॉबरचा आहे, असं ते म्हणतात. ऑपरेशन झाल्यावर त्यांनी खिशातला दोरा काढला आणि तिला पट्टीवर बांधायला लावला, कुणी हात लावू नये म्हणून. तिनंही बांधला.

दुसरा डोळा पुढच्या महिन्यात. आणि लिही म्हणतात, कप सरकला नव्हता.

तब्येत सांभाळ, आणि आमच्यावरचा जीव असाच राहू दे.

तुझी आई,
रूपाली


कबनूर
२६ नोव्हेंबर २०२५

चि. संघप्रियास,
गणपतीचा अनेक उत्तम आशीर्वाद.

दोन्ही डोळं झालं. पयली तक्रार. तुझ्या डॉक्टरणीनं माझं तरणं डोळं म्हातारं करून ठेवलं. ट्रंकंतला चष्मा हुडकून काढला, तवा हे पत्र लिवतोय. गल्लीत माझी काय इज्जत ऱ्हायली न्हाय.

दुसरं. ते कापड पांढरं हाय. फेकलं नव्हतं, कपाटात हुतं. उन्हात धरून बघितलं, दुधागत पांढरं. चौदा ऑक्टोबर गेला, आता वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला घाल. दुकानात जाऊन दुकानदाराची माफी मागितली, चार लोकांतच. झिशानची बी मागितली. त्यानं चहा पाजला, मी तो कपात पडताना बघितला.

परवा तुझ्या स्पर्धेला आलो, तू तिसरी आलीस. ऐकू काय आलं न्हाय, पर फळ्यावर नंबर लागले तवा तुझा चेहरा मी तिकडनं, खुर्च्यांच्या मागनं, लख्ख बघितला. ओठ चावलास आणि मग हसलीस. पोरी, मी दोन वर्सं तुझा चेहरा नुसता अंदाजानं बघत हुतो, हे मला तवा कळलं. कुणाला सांगितलं न्हाय, रुमाल काढून चष्मा पुसत बसलो. चष्मा घातलेला नव्हता.

आता एक चोरी कबूल करतो. तू बक्षीस घ्यायला गेलीस तवा तुझ्या सरांनी मला हातानं खुणावलं, बसा की काका. मी टेबलापाशी बसलो. तुझ्या दुर्बिणीच्या कड्यावर लाल दोरा बांधलेला दिसला. नवा हुता, गाठ मात्र माझीच, जॉबरची. कवा शिकलीस कुणास ठाऊक. मी हात मागं घेतला. बांधलेल्या दोऱ्याला हात लावायचा न्हाय. तसाच डोळा लावला.

फुली साफ दिसली. कार्ड साफ, तुझी भोकं साफ. डोकं हलवून बघितलं, फुली जाग्यावर.

तुझ्या डोळ्याला लावलेलं हुतं, संघा. दोरा न सोडता मला दिसलं.

पुढल्या पत्रात अक्षर जरा मोठं काढ. आणि जीव लावलायस तसाच लावून ठेव.

तुझा आज्जा,
गणपती