हसऱ्या आईचा फोटो

घरून,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय उदयदादा,

दीपमालाचा नमस्कार. तिकडं सीमेवर बर्फात टपाल कधी पोचतं कुणास ठाऊक. गाय व्यायली, कालवड झालीय. आईची तब्येत ठीक आहे.

फोनवरही मी ठीकच म्हणते, कारण आई शेजारी बसलेली असते.

बाबा गेल्यावर आई सरकारी दवाखान्यात समुपदेशक स्वप्नालीताईंकडं जायची, आठवतंय ना? नुसत्या बोलत बसायच्या दोघी. पण घरी आली की आई पहिल्यासारखी चुलीपाशी जायची, कुणाला तरी रागवायची. उन्हाळ्यात ताईंचं कंत्राट संपलं. त्यांच्या खोलीत आता फिनेलचे कॅन ठेवलेत. तरी आई बाहेरच्या बाकावर जाऊन बसायची.

दसऱ्याआधी गावात 'आनंदी गाव' अभियान आलं. मंडप, स्पीकर. अभियानाच्या साहेबांनी बायकांना टाळ्या वाजवत हसायला लावलं. "मावशी, मोठ्यानं हसा की!" आई हसली. फोटो निघाला.

त्याच संध्याकाळी तिनं विहिरीत उडी टाकली.

दादा, हे मला फोनवर सांगता आलं नाही. धनाजीकाका विहिरीवर मोटर बंद करायला गेले होते, त्यांनी बाहेर काढलं, म्हणून आपली आई आहे.

त्याच्या पुढच्या सोमवारी ग्रामपंचायतीवर बॅनर लागला. आईचा तोच फोटो! मी ग्रामसभेला बसलेल्या सगळ्यांसमोर फाडला. साहेब तिथंच होते. म्हणाले, "सरकारनं काय प्रत्येकाचं मन सांभाळत बसायचं का?"

मी म्हटलं, "तुमी नका सांभाळू. सांभाळणारी बाई हुती, तिला का घालवलंसा? हसायला मंडप देता, आन् रडायला एक खोली न्हाई व्हय?"

शेजारच्या मंगलकाकू उठल्या. "माज्या सुनंलाबी जायचं हुतं तितं." मग आणखी दोघी उठल्या. साहेब 'प्रस्ताव पाठवतो' म्हणत गाडीत बसले.

ताई अजून आल्या नाहीत. मी आईला एसटीनं साताऱ्याला डॉक्टरांकडं नेते. गोळ्या चालू आहेत. काल जेवताना ती म्हणाली, "आमटीत मीठ कमी हाय." मला लय रडू आलं.

तू रजा माग. अर्जात 'घरगुती काम' लिहू नकोस. आईचं मन आजारी आहे, असंच लिही. आपणच लपवत राहिलो, तर या बॅनरवाल्यांना कुठल्या तोंडानं विचारायचं?

आईला एकटं ठेवून पोस्टात जाता येत नाही. पत्र मंगलकाकूंच्या हाती देते.

आईपाशी बसलेली,
तुझी दीपमाला