झाकणावरचा स्क्रू

प्रिय दादा,

तर त्या फुग्याचं सांगत होते मी, आणि तेवढ्यात बाबा आत आले, म्हणून "बरं, वहिनीला विचारलं म्हणून सांग" असं काहीतरी म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, हिचं काहीतरी बिनसलंय. बिनसलं वगैरे नाही, दमलेय फक्त. आपल्या घरात फोनवर बोललेलं पार धक्क्यावरच्या होडीपर्यंत ऐकू जातं, म्हणून हे पत्र. अक्षराला हसू नकोस, मराठीच्या बाईंचं हसून झालंय.

तर फुगा. होडीच्या टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत मध्येच तो रबरी फुगा असतो बघ, जो दाबून पेट्रोल पुढे ढकलायचं. लहानपणी तो कोणी दाबायचा यावरून आपली मारामारी व्हायची. आता रोज मीच दाबते, घे. इंजिन पहिल्या दोरीला सुरू होतं, छान वाजतं, बाबा मान डोलावतात, आणि पाण्यातल्या मधल्या खांबापाशी पोचलो की त्याला धाप लागते. दोन गचके, थोडा धूर, गप्प. फुगा बघावा तर चपटा, पोट खपाटीला गेल्यासारखा. मग मी वल्ही मारत परत. खांदे माझे राहिलेले नाहीत. हाताचा पेट्रोलचा वास काही केल्या जात नाही. आई म्हणते, तू जेवायला बसलीस की मी आधी गॅस बंद करते.

सुरुवातीला मी कसली जोशात होते माहितीये ना तुला. सगळं सिस्टिमॅटिक करणार होते. जुनं पेट्रोल ओतून टाकलं, नवीन आणून मापात ऑइल मिसळलं. नळी बदलली. फिल्टर काढून बघितला, स्वच्छ. कार्ब्युरेटर जेवायच्या टेबलावर उघडला आणि आईच्या चहाच्या गाळणीत त्याचे बारके भाग धुतले, त्यावरून घरात जे झालं ते सोड. पंपाचा पडदासुद्धा बदलला. बाबा शेजारी बसून म्हणायचे, "अगं, डॉक्टरही पेशंटला इतकं कापत नाही." आणि पुन्हा खांबापाशी तेच. आपल्या होडीतून समोरच्या काठाला जाणारी माणसं आता शेजारच्या काकांच्या होडीने जातात. काका रोज विचारतात, "काय मग, कधी उतरताय पाण्यात?" बाबा रोज माझ्याकडे बोट दाखवतात. "ही सोडेल तेव्हा. पोरगी हात धुऊन मागे लागलीय इंजिनाच्या."

एक गोष्ट मात्र मी तपासली नव्हती. टाकीच्या झाकणावरचा तो छोटा स्क्रू. पेट्रोल बाहेर जातं तशी आत हवा यायला हवी, नाहीतर टाकी धरून ठेवते, पेट्रोल सोडत नाही. घरी आणताना तो बंद करायचा, निघताना उघडायचा. कुठल्याही व्हिडिओत पहिली स्टेप हीच असते. पण आपल्याकडे त्याला हात कोण लावणार? ज्याची होडी त्याचा हात. तू एकदा लावलास तेव्हा आजोबांनी तुला दिवसभर धक्क्यावरच बसवून ठेवलं होतं. बाबांनी स्क्रू उघडला का हे बघायचं, म्हणजे त्यांना विचारायचं, बाबा, श्वास घेताय ना? मी नाही बघितलं.

गेल्या आठवड्यात खांबापाशी इंजिन बंद पडलं आणि मी वैतागून अख्खं झाकणच फिरवलं. फुस्स करून हवा आत गेली. आत ओढलेली टाकी टप्पकन फुगली. इतका मोठा आवाज झाला, पण बाबा पाण्याकडेच बघत राहिले. म्हणाले, "आज राहू दे. दमलीस तू." मला वाटलं, विसरले बिचारे. चिडवणारही होते त्यांना, वय झालं म्हणून. दुसऱ्या दिवशी ते यायच्या आधीच मी स्क्रू नीट उघडून ठेवला आणि पाने ठेवतो त्या खोलीत पकड शोधत होते. तिथून दारातून होडी दिसते. बाबा आले. टाकीपाशी वाकले. अंगठ्याने स्क्रू चाचपला आणि शांतपणे पूर्ण आवळला. मग मला हाक मारली, "चला बाईसाहेब, बघू आज काय म्हणतंय तुमचं इंजिन."

मी गेले. फुगा दाबला, दोरी ओढली. खांबापाशी बंद पडल्यावर "छे" सुद्धा म्हटलं. वल्ही मारत परत आणलं आणि दोन दिवस पडून राहिले, खांदे दुखतात म्हणून.

पडल्या पडल्या सगळं आठवत गेलं. थंडीत होडी खांबाला घासली होती ना, होडीतल्या एका शिक्षिकाबाईंचा हात खरचटला होता तेव्हा? बाबा म्हणाले होते, इंजिन बंद पडलं आणि होडी वाहवली. सगळ्यांनी मानलं. मी तर लगेच पाने घेऊन धावले. पण त्या दिवशी मी धक्क्यावर होते रे. इंजिन चालू होतं, मी ऐकलं होतं. खांब डाव्या हाताला होता. आणि तेव्हापासून बाबा मला होडीत नेहमी डावीकडे बसवतात. "तिकडे काय दिसतंय गं?" मला वाटायचं, मला शिकवताहेत. मी खूश होऊन बघायची आणि सांगायची, काठी आहे, होडी येतेय, बदक आहे. आई चहाचा कप आता त्यांच्या उजव्या हाताला ठेवते. कधीपासून, कोण जाणे. तिला विचारलं तर म्हणाली, "जुनं झालंय ते, किती खोलशील?" ती इंजिनाबद्दल बोलत होती असं मी धरून चाललेय.

आता तू नवीन इंजिन पाठवतोयस. मी किती मागे लागले होते तुझ्या, आठवतं. पण दादा, ते पाठवू नकोस. निदान आत्ता नको. ते पहिल्याच दिवशी धडधडत थेट पलीकडे जाईल, काका टाळ्या वाजवतील, धक्क्यावर माणसं उभी राहतील, आणि बाबांकडे सांगायला काही उरणार नाही. एक तर ते त्या माणसांना घेऊन निघतील, नाहीतर सगळ्यांसमोर सांगावं लागेल. दोन्ही मला बघवणार नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंच आहे, ते तू आलास की दोघं मिळून नेऊ. एकटीचं माझं ते ऐकणार नाहीत. पण उद्या सकाळी ते पुन्हा हाक मारतील आणि माझ्याकडे आता खोलायला एकही पार्ट उरलेला नाही. मी असं म्हणू का, की बाबा, इंजिन मी धरते, माणसं मी नेते, तुम्ही उजवीकडे बसा, पण स्क्रू मात्र रोज तुम्हीच उघडायचा? तू त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखतोस. काय वाटतं तुला, उघडतील ते?

तुझीच,
फटफटी