०२०४ नंबरची डिस्क

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
नाटे गावाहून सकाळच्या एसटीने रत्नागिरीला आले. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत नोकरी लागली म्हणून अम्मी खूश आहे. कंपनी जहाजांवरच्या खलाशांच्या नोंदी सांभाळते. तिचा मेनफ्रेम संगणक कपाटाएवढा. त्यावर लिनक्स ही नवी प्रणाली बसवायचं काम माझं. राहते कंपनीतच सफाई करणाऱ्या मालनताईंकडे. आल्या आल्या त्यांनी बांगडे तळून वाढले. मॅनेजर गुरुप्रसाद सरांनी स्वतः चहा आणून दिला. माझ्या आधीचा रितेश मागच्या पावसाळ्यात दुबईला गेला म्हणाले.

५ फेब्रुवारी
काम सुरू. या यंत्राला डिस्क नुसती जोडून भागत नाही. तिचा चार आकडी नंबर देऊन ती चालू करावी लागते, मग फॉरमॅट करायची. तोवर यंत्राच्या लेखी ती नसतेच. सरांच्या कागदावर चारच नंबर होते, ०२०० ते ०२०३. सगळ्या कोऱ्या. शोधताना पाचवी दिसली, ०२०४. चालू केली तर भरलेली निघाली. समुद्रावर मेलेल्या नऊ खलाशांची नावं, तारखा. खाली रितेशची टीप: कंपनीने या सगळ्यांना 'काम सोडून गेले' असं दाखवलं आहे.

६ फेब्रुवारी
सरांना विचारलं. ते म्हणाले, ती डिस्क उद्यापर्यंत पुसून टाक.
संध्याकाळी मालनताईंना सांगितलं. भाकरी थापता थापता त्यांचे हात थांबले. म्हणाल्या, "गो बाय, तो रितेश दुबैला नाय गेला. त्या यंत्राच्या खोलीतला त्याचा रगत मी पुसलाय." कुणाला बोललीस तर तुझंही तसंच करीन, असं सरांनी त्यांना बजावलं होतं. उद्या डिस्कची प्रत काढून दोघींनी पोलिसांकडे जायचं ठरलं.

७ फेब्रुवारी, दुपार
डिस्कची प्रत काढायला यंत्राच्या खोलीत आलो, तेव्हा रक्त सांडलं होतं ती जागा मालनताईंनी दाखवली. केबली जाव्यात म्हणून या खोलीतली फरशी पोकळ आहे. एक चौकोन उचलला. आत चुना. चुन्यात जबडा, गळ्यातल्या दोरीला रितेशचं ओळखपत्र —
मागे गुरुप्रसाद उभा होता. लोखंडी पाना घेऊन. पहिला घाव मालनताईंच्या डोक्यात. त्या उठायला गेल्या, दुसरा तोंडावर. दात माझ्या पायाशी पडले.

दार बंद आहे. मला म्हणाला, ती डिस्क पुस. किती टक्के पुसलं ते लिहून ठेवावं लागतं असं मी त्याला सांगितलं, म्हणून वही हातात आहे.

३१. पडद्यावर फक्त टक्के येतात, नंबर नाही. पुसतेय ती ०२०३, कोरी. ०२०४ शाबूत आहे. ज्याला ही वही मिळेल त्याने —

५८. मालनताई अजून घरघरताहेत.

७४. त्याने त्यांच्या गळ्यावर पाय दिला. मी बघितलं नाही. ऐकलं.

९२. आवाज नाही.

९७. तो पडदा वाचायला वाकलाय. पाना खुर्चीवर ठेवलाय. माझ्यापासून वीतभर. मी —