वीसपैकी आठ

३ जून, मंगळवार
वीसपैकी आठ. पुन्हा! 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं, 'कॉल ऑफ' म्हणजे रद्दच करणं. वॉर्डात रोज ऑपरेशनं पुढे ढकलली जातात, मला फरक कळत नाही? तरी अप्पांची लाल फुली! सासरे तेहतीस वर्षं इंग्रजीचे मास्तर, त्यांच्याशी काय वाद घालणार? सरावाच्या पुस्तकातली उत्तरांची पानंसुद्धा पहिल्याच दिवशी फाडून स्वतःकडे ठेवलीत. मास्तरांची शिस्त! वर म्हणतात, "अगं, एखाद्याला नाही जमत."

इंग्रजीची परीक्षा एकवीसला. पास झाले तर परदेशातल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी. हे वारले त्याला चार वर्षं झाली, घरात आम्ही दोघंच. मी गेले की अप्पांनी नणंदेकडे राहायचं, असं ठरलंय.

९ जून, सोमवार
सात. 'गिव्ह अप' म्हणजे नाद सोडणं, 'गिव्ह इन' म्हणजे नमतं घेणं — हेही चूक! आज इंजेक्शन भरताना हात थांबला. वाटलं, हे तरी मला नीट येतं का?

१२ जून, गुरुवार
फॉर्म मागे घ्यावा का?

१४ जून, शनिवार
मेट्रनबाईंनी त्यांची जुनी प्रत दिली. आमचंच पुस्तक, पण उत्तरांची पानं शाबूत. जेवणाच्या सुट्टीत माझी वही ताडून पाहिली. आठ मिळाले होते तिथे एकोणीस बरोबर. एकोणीस!

डब्याला हात लावला नाही. अप्पांची नजर कमी झाली असेल. तसंच असू दे, देवा.

१५ जून, रविवार
आज छापील उत्तरं जशीच्या तशी उतरवून दिली. अप्पांनी चष्मा पुसला, एकेक ओळ बोट ठेवून वाचली. सहा! छापील उत्तरांना सहा! संताप संताप झाला. उठून चहा ठेवला.

२१ जून, शनिवार
पेपर सोपा गेला. निघताना अप्पांना सांगितलंही नाही.

४ जुलै, शुक्रवार
पास!

अप्पांना म्हटलं, नापास. लागावं म्हणूनच म्हटलं. त्यांनी माझी वही पुढ्यात ओढली. "तुझं सगळं बरोबर होतं गं. मीच फुल्या मारल्या. लेकीकडे पाहुण्यासारखं राहायचं जिवावर आलं होतं." मग डोळे पुसून म्हणाले, "परत परीक्षेला बस. आता खरं तपासीन. मी जाईन तिच्याकडे."

निकालाचा कागद पर्समध्येच आहे. कोणत्या तोंडाने दाखवू?