ब्रिजिट आत्या टेबलाखाली

तीर्थस्वरूप ब्रिजिट आत्यास,

सातासमुद्रापलीकडच्या देगू शहरातून डर्मटचा कमरेत वाकून नमस्कार. (इथे दिवसभर सगळ्यांना असाच करावा लागतो, त्यामुळे कंबर आपणहून वाकते आणि सरळ व्हायला कुरकुरते.) तुझे गुडघे कसे आहेत? शेळी व्याली का? माझं म्हणशील तर घसा बसलाय, वजन उतरलंय आणि मला घरी यायचंय. बाकीचं पत्र या शेवटच्याच गोष्टीचं रडगाणं आहे.

मुलं आमच्या इंग्रजीच्या क्लासला शाळा सुटल्यावर येतात. म्हणजे गणित, पियानो आणि तायक्वोंदो आटोपून अंगात जो जोर उरतो, तो माझ्यावर काढायला येतात. दारात बूट काढून स्लिपर घालायच्या असतात, पण त्या पायांपेक्षा हवेतच जास्त असतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला वय विचारलं. तेवीस म्हटल्यावर निम्मा आदर गेला, लग्न झालेलं नाही म्हटल्यावर उरलेला. प्यो बाई, म्हणजे आमच्या संचालिका, म्हणाल्या की प्रत्येक मुलाला इंग्रजी नाव द्या, तशी इथे पद्धतच आहे. दोन वर्गांना टॉम, मेरी, जॉन पुरले. तिसऱ्या वर्गात नावं संपली आणि मी आपल्या घरात शिरलो. तेव्हापासून आपलं अख्खं खानदान देगूत नांदतंय. पॅडीकाका नाकात पेन्सिल घालतो. नोरामावशी चावते (तुला नवल वाटणार नाही). आणि तू, आत्या, टेबलाखाली जाऊन बसतेस. हा-युल नावाची सात वर्षांची मुलगी आहे, तिला तुझं नाव दिलंय. ‘ब्रिजिट, बाहेर ये’ असं मी इतक्यांदा ओरडतो की तिकडे तुला उचक्या लागत असतील.

चष्मेवाल्या एका शहाण्या मुलाला मी आजोबांचं नाव दिलं, कॉर्नेलियस. आपल्याकडे आजोबांचं नाव मिळणं केवढा मान! इथे वाडवडिलांचं नाव मुलाला द्यायला कोणी धजत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. खरा कॉर्नेलियस कुठे असतो, असं त्याने एकदा विचारलं आणि मी मूर्खासारखं खरं ते सांगितलं. (आत्या, तुझ्या वडिलांचा विषय असा काढतोय, माफ कर.) गेल्या बुधवारी सगळ्या आया वर्ग बघायला आल्या, मागच्या भिंतीशी ओळीने बसल्या. प्यो बाईंनी कौतुकाने त्याच पोराला पुढे केलं. तो ताठ उभा राहिला आणि खणखणीत इंग्रजीत म्हणाला, “कॉर्नेलियस मेला. हंस पकडायला छपरावर चढला, पडला आणि मेला. आता कॉर्नेलियस मी आहे.”

व्याकरणाची एक चूक नव्हती. पण मरणाचा शब्द इथल्या आयांना इंग्रजीतूनही कळतो. त्याची आई पांढरीफटक पडली. बाकीच्या आया आपापल्या मुलांना जवळ ओढून विचारू लागल्या, की तुझं नाव कोणाचं, आणि तो माणूस धडधाकट आहे ना.

नंतर प्यो बाईंनी दार लावून घेतलं. “डर्मट टीचर, तुमच्या घरात कोणी जिवंत आहे का?” मी म्हटलं, बरेच जण आहेत. मग सरळ हात जोडले, की मला हे जमत नाही, मला जाऊ द्या. त्यांनी कॉफी पुढे ठेवली, उद्यापर्यंत सगळी नावं बदला म्हणाल्या आणि जाण्याचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्या संध्याकाळी मी खरंच रडलो, आत्या. सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझा भाचा,
डर्मट

ता. क. – खरं काम असं, की माझ्या जागी माणूस दिला तर मार्चमध्ये सोडते असं प्यो बाई काल कबूल झाल्या. तुझा धाकटा, फिंटन, रिकामाच आहे ना? त्याला सांग, मुलं म्हणजे देवाघरची फुलं, दुपारचं जेवण फुकट आणि हवा उत्तम. हे पत्र मात्र त्याच्या हाती पडू देऊ नकोस, वाचून शेगडीत घाल.

ता. ता. क. – पाकीट बंद करता करता थांबलो. बाकीच्यांनी नवी नावं मुकाट घेतली. हा-युल मात्र तडक प्यो बाईंच्या खोलीत गेली आणि म्हणाली, “माझी ब्रिजिट जिवंत आहे. मी नाव परत देणार नाही.” आज तिने मला विचारलं, “टीचर, तुम्ही गेल्यावर मला ब्रिजिट कोण म्हणणार?” तूर्त फिंटनजवळ काही बोलू नकोस. आणि आत्या, तब्येतीला जप. तुला काही झालं तर या पोरीला मी काय सांगू?